अमेरिकेत जन्मलेली, पुण्यात वाढलेली मुलगी अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष होऊ शकते का?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपण आणि आपल्या पत्नी एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत असताना २००९ मध्ये थोरल्या मुलीचा जन्म झाला, २०१२ मध्ये आपण सहकुटुंब पुण्याला परतलात आणि धाकटा मुलगा पुण्यात जन्मला. मुलीकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि भारताचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. घरच्या एका चर्चेत कोणी तरी ठामपणे सांगितले की, आई-वडील नागरिक नसताना जन्मलेले मूल ‘जन्मसिद्ध नागरिक’ ठरत नाही, त्यामुळे ते राष्ट्राध्यक्षपदाला अपात्र असते आणि म्हणून कमला हॅरिस किंवा निक्की हेली यांची उमेदवारीच मुळात बेकायदा होती. यात तथ्य किती, हे वाद पुन्हा पुन्हा का उपटतात आणि भारतात अशी अट का नाही, असे आपण विचारले आहे. अमेरिकेत नागरिकत्व आणि स्थलांतर या विषयांतली वकिली मी अनेक वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

आपल्या मुलीपुरते उत्तर सरळ आहे. वयाची ३५ वर्षे आणि अमेरिकेतील एकूण १४ वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाले की ती पात्र ठरेल, असेच माझे मत आहे आणि या विषयातल्या बहुसंख्य अभ्यासकांचेही तेच मत आहे. तरीही वाद होतात, कारण तीन निराळे प्रश्न एकाच टोपलीत टाकले जातात. जन्म कुठे झाला, हा पुराव्याचा प्रश्न आहे. त्या जन्माने त्या क्षणी नागरिकत्व मिळाले का, हा कायद्याचा प्रश्न आहे. आणि याचा निवाडा कोणी करायचा, हा अधिकाराचा प्रश्न आहे. गेल्या दीडशे वर्षांतले जवळजवळ सगळे वाद तपासले, तर पहिल्या प्रश्नातला संशय दुसऱ्यावर लादलेला आणि तिसरा अनुत्तरित राहिल्याने दोन्ही पेटते राहिलेले दिसतात.

मूळ तरतूद अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात, पहिल्या विभागाच्या पाचव्या कलमात आहे. राष्ट्राध्यक्ष जन्मसिद्ध नागरिक असला पाहिजे, त्याचे वय किमान ३५ असले पाहिजे आणि तो १४ वर्षे देशाचा रहिवासी असला पाहिजे, एवढेच ते कलम म्हणते. जन्मसिद्ध नागरिक कोण, याची व्याख्या घटनेत कुठेही दिलेली नाही. २५ जुलै १७८७ रोजी मुत्सद्दी जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून, सैन्याचे सरसेनापतिपद जन्मसिद्ध नागरिकाखेरीज कोणाच्या हाती जाऊ नये, असे सुचवले होते. राज्यघटना तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात पुढे ही अट मसुद्यात आली आणि तिच्यावर चर्चा झाल्याची नोंद नाही. युरोपातला एखादा राजपुत्र आणून गादीवर बसवला जाईल, ही त्या काळातली खरी भीती होती. घटना स्वीकारली गेली त्या वेळी जे नागरिक होते त्यांना मात्र सूट होती, म्हणून कॅरिबियन बेटावर जन्मलेले अलेक्झांडर हॅमिल्टन अपात्र नव्हते. लोक समजतात त्याच्या हे उलट आहे. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने हीच अट उपराष्ट्राध्यक्षालाही लागू केली.

घटनाकारांनी व्याख्या दिली नाही, कारण त्यांना ती द्यावीशी वाटली नसावी. ते ज्या इंग्रजी कायद्यात वाढले होते, त्यात राजाच्या भूमीवर जन्मलेले मूल राजाचे जन्मसिद्ध प्रजाजन मानले जाई, आई-बाप परके असले तरीही. परकी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुले आणि चाल करून आलेल्या शत्रुसैन्याची मुले एवढेच अपवाद होते. हे तत्त्व अमेरिकेत गोऱ्यांच्या बाबतीत गृहीत धरले गेले आणि काळ्यांच्या बाबतीत १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने नाकारले गेले. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि अमेरिकेत जन्मलेली व तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे, असे तिने स्पष्ट लिहून ठेवले.

आपल्या मुलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल १८९८ चा आहे. वाँग किम आर्क यांचा जन्म १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी झाला. त्या काळात चिनी माणसाला अर्ज करून अमेरिकी नागरिक होण्याची मुभाच नव्हती, म्हणजे आई-वडील मनात असूनही नागरिक झाले नसते. १८९५ मध्ये चीनची फेरी करून वाँग परतले तेव्हा, तुम्ही नागरिक नाही, असे सांगून त्यांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि कित्येक महिने बंदरातल्या जहाजांवर अडकवून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला की, ते जन्मानेच नागरिक आहेत. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी त्या निकालात जुन्या इंग्रजी नियमाचा पाल्हाळ वाटावा इतका सविस्तर आढावा घेतला आहे. मला मात्र त्या निकालातली बहुमताची बाजू जितकी उपयोगी वाटते, तितकीच सरन्यायाधीश फुलर यांची विरोधी बाजूही उपयोगी वाटते. त्यांची तक्रार अशी होती की, बहुमताचे म्हणणे खरे मानले तर इथे योगायोगाने जन्मलेली परक्यांची मुले राष्ट्राध्यक्षपदाला पात्र ठरतील आणि परदेशी जन्मलेली आपल्या नागरिकांची मुले ठरणार नाहीत. म्हणजे या निकालाचा राष्ट्राध्यक्षपदाशी काय संबंध, असे जे आज विचारतात, त्यांना उत्तर विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तीनेच त्या दिवशी देऊन ठेवले आहे.

आपल्या नातेवाइकांनी मांडलेला ‘दोन नागरिक पालक’ हा सिद्धान्त अठराव्या शतकातले स्विस विधिज्ञ व्हॅटेल यांच्या विचारांवर उभा आहे. व्हॅटेल घटनाकारांच्या वाचनात होते, हे खरे आहे. पण अमेरिकी न्यायालयांनी नागरिकत्वासाठी आधार घेतला तो इंग्रजी कायद्याचा. शिवाय हा सिद्धान्त स्वीकारला तर आधी चेस्टर आर्थर यांना राष्ट्राध्यक्षांच्या यादीतून काढावे लागेल. त्यांचा जन्म १८२९ चा, व्हरमाँट राज्यातला. वडील आयर्लंडहून आलेले, आणि मुलगा १३ वर्षांचा झाल्यावर नागरिक झालेले. १८८० च्या निवडणुकीत विरोधकांनी आर्थर कॅनडात जन्मल्याची आवई उठवली आणि तिच्यामागे एक वकील कित्येक वर्षे धावत राहिला, पण वडिलांच्या नागरिकत्वाचा मुद्दा त्या गदारोळात कोणी पुढे आणला नाही. वाँग किम आर्क यांचा निकाल लिहिणाऱ्या ग्रे यांची नेमणूक आर्थर यांनीच केली होती, आणि अलीकडे काही मंडळींनी त्यातूनही एक कट शोधून काढला आहे.

१९१६ मध्ये चार्ल्स इव्हान्स ह्यूज वुड्रो विल्सन यांच्याविरुद्ध उभे होते. त्यांचे वडील वेल्सहून आलेले धर्मोपदेशक होते आणि मुलाच्या जन्मावेळी ब्रिटिश प्रजाजन होते. विल्सन यांच्या पक्षातल्या ब्रेकिन्रिज लाँग या वकिलाने शिकागोच्या एका कायदेविषयक पत्रात लेख लिहून ह्यूज अपात्र असल्याचे मांडले. मतदारांनी किंवा पक्षांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. ह्यूज थोडक्यात हरले, पुढे सरन्यायाधीश झाले, आणि १९३९ मध्ये त्यांच्याच हातून असा एक निकाल लिहिला गेला की जो आपल्या मुलीच्या परिस्थितीला फार जवळचा आहे.

मेरी एलिझाबेथ एल्ग या बाईंचा जन्म १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आई-वडील मूळचे स्वीडिश होते. १९११ मध्ये आई मुलीला घेऊन स्वीडनला परतली, मुलगी तिकडेच वाढली आणि १९२९ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी अमेरिकी पासपोर्ट घेऊन परत आली. काही वर्षांनी सरकारने तिला सांगितले की, तुम्ही नागरिक नाही, देश सोडा. सर्वोच्च न्यायालयाने ती केवळ नागरिक नव्हे तर जन्मसिद्ध नागरिक आहे, अशा घोषणेला मान्यता दिली. आई-वडिलांनी मुलाला परदेशी नेले म्हणून मुलाचा हक्क जात नाही, असे तत्त्व त्यात आहे. ह्यूज यांनी १८७५ चे एक जुने मतही आधाराला घेतले. सेंट लुईस येथे जन्मलेल्या आणि लहानपणी जर्मनीत नेलेल्या एका मुलाबद्दल तेव्हाच्या ॲटर्नी जनरलने म्हटले होते की, तो २१ व्या वर्षी अमेरिकेला परत येऊ शकतो आणि लोकांनी निवडले तर यथाकाल राष्ट्राध्यक्षही होऊ शकतो. न्याय्य असावे म्हणून हेही सांगतो की, या दोन्ही प्रकरणांत जन्मावेळी वडील अर्ज करून अमेरिकी नागरिक झालेले होते, आणि विरोधक हा फरक दाखवून देतात. तो फरक खरा आहे. पण वाँग किम आर्क यांच्या निकालासोबत वाचल्यावर त्याचे वजन फारसे उरत नाही. इंडियाना राज्याच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये ओबामांविषयीच्या एका दाव्यात नेमके हेच सांगितले: अमेरिकेच्या सीमेत जन्मलेली व्यक्ती आई-वडिलांच्या नागरिकत्वाचा विचार न करता जन्मसिद्ध नागरिक असते.

ओबामांच्या प्रकरणाला थोडा अधिक वेळ देतो, कारण त्यातला कायद्याचा बारकावा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ‘केनियात जन्मले’ हा आरोप असेल, तर आई अमेरिकी होती ना, मग बिघडले कुठे, असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर १९५२ च्या कायद्यातल्या एका आकड्यात आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाचा एकच पालक अमेरिकी नागरिक असेल, तर त्या पालकाने मुलाच्या जन्मापूर्वी अमेरिकेत १० वर्षे काढलेली असावीत आणि त्यांतली ५ वर्षे वयाच्या १४ व्या वर्षानंतरची असावीत, अशी त्या काळची अट होती. ओबामांची आई नोव्हेंबर १९४२ मध्ये जन्मली आणि मुलगा झाला ४ ऑगस्ट १९६१ रोजी, म्हणजे आईचे वय पुरते १९ देखील नव्हते. १४ अधिक ५ म्हणजे १९. ही बेरीज तिला कोणत्याही परिस्थितीत जमली नसती. म्हणून जन्मस्थान खरोखरच केनिया असते, तर मुलाला नागरिकत्व मिळण्यात अडचण आली असती आणि म्हणूनच आरोप करणाऱ्यांनी नेमके जन्मस्थान धरून ठेवले. त्यातही एक पोटकलम आहे: अविवाहित आईसाठी अट फक्त एक वर्षाच्या सलग वास्तव्याची होती, आणि वडिलांचे केनियात आधी लग्न झालेले असल्याने हवाईतले लग्न कायद्याने टिकले असते का, हा प्रश्न निघाला असता. वकिलाला यात दोन दिवसांचे युक्तिवाद दिसतात. पण ते सगळे निरर्थक होते, कारण जन्म होनोलुलूत झाला होता आणि हवाई १९५९ पासून राज्य होते.

पुरावाही काही कमी नव्हता. होनोलुलूच्या दोन दैनिकांत ऑगस्ट १९६१ मध्येच, आरोग्य खात्याने पुरवलेल्या यादीत, ही जन्मवार्ता छापून आली होती. २००८ मध्ये संगणकीय जन्मदाखला प्रसिद्ध झाला, रिपब्लिकन राज्यपालांच्या कारकिर्दीतल्या हवाईच्या आरोग्य संचालकांनी मूळ नोंद पाहून दुजोरा दिला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी व्हाइट हाउसने जुन्या पद्धतीचा संपूर्ण दाखलाही दिला, ज्यावर रुग्णालयाचे नाव, संध्याकाळी ७ वाजून २४ मिनिटे ही वेळ आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांची सही आहे. तरीही आरोप थांबला नाही. एका लष्करी डॉक्टरने या संशयापोटी अफगाणिस्तानला जाण्याचा आदेश नाकारला आणि डिसेंबर २०१० मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद आणि बडतर्फी पत्करावी लागली. जॉर्जियातल्या एका न्यायाधीशांनी असे दावे घेऊन येणाऱ्या वकिलाला २०,००० डॉलरचा दंड ठोठावला. हा आरोप वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांत अग्रभागी असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी ओबामा अमेरिकेत जन्मले, हे सप्टेंबर २०१६ मध्ये मान्य केले. ज्या कागदावर न्यायालयात पाच मिनिटांत काम भागते, तो कागद राजकारणात आठ वर्षे पुरत नाही. माझ्या मते याचे कारण नाव, रंग आणि वडिलांचा देश यांत शोधावे लागते. कायद्यात ते सापडत नाही.

कायद्याच्या दृष्टीने खरी अनिश्चितता आहे ती परदेशात जन्मलेल्या उमेदवारांबाबत, आणि गंमत अशी की तिथे गदारोळ तुलनेने कमी झाला. २००८ मधले रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९३६ रोजी पनामा कालव्याच्या पट्ट्यात, कोको सोलो येथील नौदलाच्या तळावर झाला. आई-वडील दोघेही अमेरिकी. पण त्या काळचा कायदा अमेरिकेच्या सीमेबाहेर आणि अधिकारक्षेत्राबाहेर जन्मलेल्या मुलांना लागू होता. कालव्याचा पट्टा सीमेबाहेर होता, पण अधिकारक्षेत्राबाहेर नव्हता. ही फट संसदेने ऑगस्ट १९३७ मध्ये पूर्वलक्षी कायद्याने बुजवली, म्हणजे मॅकेन यांच्या जन्मानंतर अकरा महिन्यांनी. जन्माच्या क्षणी जो नागरिक नव्हता तो नंतरच्या कायद्याने जन्मसिद्ध कसा होईल, हा प्राध्यापक गॅब्रिएल चिन यांचा युक्तिवाद मला आजही भक्कम वाटतो, निष्कर्ष गैरसोयीचा असला तरी. सिनेटने ३० एप्रिल २००८ रोजी एकमताने ठराव करून मॅकेन जन्मसिद्ध नागरिक असल्याचे म्हटले. ठरावाच्या सहप्रस्तावकांत बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन होते. त्या ठरावाला कायद्याचे बळ नव्हते, पण वाद थंडावला.

२०१६ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरलेले सिनेटर टेड क्रूझ यांचे तसे नव्हते. ते १९७० मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत जन्मले, वडील क्यूबाचे, आई डेलावेअर राज्यात जन्मलेली अमेरिकी. आई वयाने तिशी ओलांडलेली असल्याने वर सांगितलेली १० आणि ५ वर्षांची अट तिने केव्हाच पूर्ण केली होती; क्रूझ जन्मतः नागरिक होते, यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की, भूमीमुळे नव्हे तर संसदेच्या कायद्यामुळे जन्मतः नागरिक झालेला माणूस घटनेच्या अर्थाने जन्मसिद्ध असतो का. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या नागरिकांच्या मुलांना तसे म्हटले होते, १७९५ च्या कायद्याने ती शब्दयोजना वगळली. सर्वोच्च न्यायालयातल्या वकिलांपैकी दोन दिग्गजांनी, नील कत्याल आणि पॉल क्लेमेंट यांनी, पक्षभेद बाजूला ठेवून २०१५ मध्ये होकारार्थी मत मांडले. काही प्राध्यापकांनी जाहीर नकार दिला. मार्च २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने क्रूझ यांना पात्र ठरवले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा मुद्दा गुणवत्तेवर निकालात निघालेला नाही. मी स्वतः कत्याल-क्लेमेंट यांच्या बाजूचा आहे, पण एखाद्या अशिलाने लेखी हमी मागितली तर देणार नाही.

निकाल का लागत नाही, याचे कारण तिसऱ्या प्रश्नात आहे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात दावा लावायला स्वतःचे, वेगळे, ठोस नुकसान दाखवावे लागते. ‘मी मतदार आहे आणि हा उमेदवार अपात्र आहे’ एवढे पुरत नाही, कारण ते नुकसान कोट्यवधी मतदारांचे सारखेच असते. मॅकेन यांच्याविरुद्धचा न्यू हॅम्पशायरमधला दावा २००८ मध्ये न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी याच कारणाने काढून टाकला. ओबामांविरुद्धचे बहुतेक दावे असेच दारातून परतले. दावा फेटाळला म्हणजे न्यायालयाने लपवाछपवी केली, असा अर्थ मग लोक काढतात. मतपत्रिकेच्या पातळीवर मात्र राज्यांना काही अधिकार आहे. गयानात जन्मलेले आणि अर्ज करून नागरिक झालेले एक वकील राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू इच्छित होते. कोलोरॅडोने नकार दिला आणि २०१२ मध्ये नील गोरसच यांनी, सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी, अपील न्यायाधीश म्हणून तो नकार योग्य ठरवला. तिथे तथ्याविषयी वाद नव्हता, म्हणून प्रकरण सोपे होते.

आता आपल्याकडच्या नावांविषयी. कमला हॅरिस १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जन्मल्या, आई भारतातली आणि वडील जमैकाचे. निक्की हेली १९७२ मध्ये साउथ कॅरोलायनात जन्मल्या. बॉबी जिंदाल १९७१ मध्ये लुइझियानात जन्मले, आई-वडील अमेरिकेत येऊन काही महिनेच झाले असताना. हॅरिस यांच्यावर ऑगस्ट २०२० मध्ये जॉन ईस्टमन या कायदेतज्ज्ञाने एका साप्ताहिकात शंका घेतली आणि संपादकांना नंतर त्या लेखाबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. हेली यांच्याविषयीचा तसाच दावा ट्रम्प यांनी जानेवारी २०२४ मध्ये समाजमाध्यमावर पुढे पाठवला. तिघेही अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले असल्याने तिघेही माझ्या दृष्टीने निर्विवाद पात्र आहेत. याउलट श्री ठाणेदार यांचे पाहा. बेळगाव भागातून आलेले हे मराठी गृहस्थ २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी संसदेत आहेत आणि २०१८ मध्ये त्यांनी राज्यपालपदासाठीही उमेदवारी केली होती. प्रतिनिधिगृहासाठी ७ वर्षांचे आणि सिनेटसाठी ९ वर्षांचे नागरिकत्व पुरते; पण राष्ट्राध्यक्षपद आणि उपराष्ट्राध्यक्षपद त्यांना कायमचे बंद आहे. सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००३ मध्ये, २० वर्षे नागरिक असलेल्यालाही पात्र ठरवावे, अशी घटनादुरुस्ती सुचवली होती. ती पुढे सरकली नाही.

भारतात अशी अट नाही. अनुच्छेद ५८ नुसार राष्ट्रपती भारताचा नागरिक असावा, ३५ वर्षे पूर्ण केलेला असावा आणि लोकसभेसाठी पात्र असावा. नागरिकत्व जन्माने मिळाले की नोंदणीने, याने फरक पडत नाही. मे १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींना पत्र लिहून राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदे जन्मतः नागरिक असलेल्यांसाठीच राखण्याची घटनादुरुस्ती पक्षाने मांडावी, अशी मागणी केली. सोनिया गांधींनी १९८३ मध्ये नोंदणीने नागरिकत्व घेतले होते. तिघांची हकालपट्टी झाली, जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि ऑक्टोबरमध्ये विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली दोन्ही काँग्रेसनी महाराष्ट्रात एकत्र सरकार बनवले. त्या मुद्द्याचे राजकीय आयुष्य इतकेच ठरले. त्या मागणीतली घटनात्मक अडचण वेगळी होती. फाळणीच्या पिढीत जन्मस्थानाची अट शब्दशः लावली असती, तर झेलमला जन्मलेले इंद्रकुमार गुजराल, कराचीचे लालकृष्ण अडवाणी आणि गाह या खेड्यातले मनमोहन सिंग यांच्यासाठी अपवादांची वेगळी यादी करावी लागली असती. घटनाकारांनी अनुच्छेद ५ व ६ मध्ये या लोकांची सोय नागरिकत्वाच्या पातळीवरच केली आणि पदांच्या पातळीवर पुन्हा चाळणी लावली नाही. मला ते शहाणपणाचे वाटते.

आपल्यासारख्या कुटुंबांना अलीकडे घाबरवते आहे ती राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशाची बातमी. आई अमेरिकेत बेकायदा किंवा केवळ तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि वडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील, तर मुलाला जन्माने नागरिकत्व मिळणार नाही, असे तो आदेश म्हणतो, आणि एच-१बी त्यात येते. पण आदेशाच्या मजकुरातच तो ३० दिवसांनंतर होणाऱ्या जन्मांना लागू आहे. २००९ च्या जन्माला तो स्पर्श करत नाही. त्याची अंमलबजावणी न्यायालयांनी रोखली. जुलै २०२५ मध्ये अशा सगळ्या मुलांच्या वतीने लावलेल्या सामूहिक दाव्यात दिलेला मनाई आदेश त्याच न्यायाधीश लाप्लांट यांचा आहे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विषय सुनावणीला घेतला. सरकारची भिस्त आहे ती वाँग किम आर्क यांच्या निकालातल्या एका तपशिलावर, की त्यांचे आई-वडील कायमचे वास्तव्य करून होते. मला हा आधार कच्चा वाटतो, कारण त्या निकालाची सगळी मांडणी भूमीवर आणि अधिकारक्षेत्रावर उभी आहे.

मुलीच्या कागदपत्रांबाबत दोन गोष्टी करा. रुग्णालय बाळाच्या पावलांचे ठसे असलेले जे शोभेचे प्रमाणपत्र देते, ते जन्मदाखला नव्हे. अनेक घरांत तेच जपून ठेवलेले मी पाहिले आहे. न्यू जर्सी राज्याच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत मागवा आणि ती लॅमिनेट करू नका, कारण मग ती अनेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. १४ वर्षांचे वास्तव्य सलग असावे लागत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वर्षानुवर्षे लंडनला राहिलेले हर्बर्ट हूवर १९२८ मध्ये निवडून आले, तेव्हाही कुजबुज यापलीकडे गेली नव्हती. एक सावधगिरी मात्र आताच सांगतो. आजच्या नियमानुसार, नवरा अमेरिकी नागरिक नसेल, तर तिच्या परदेशी जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळण्यासाठी तिने स्वतः आधी अमेरिकेत ५ वर्षे, त्यांतली २ वर्षे १४ व्या वर्षानंतर, काढलेली असावी लागतात. तिच्या खात्यावर सध्या बालपणीची तीनच वर्षे आहेत. ती पदवीसाठी तिकडे गेली, तर हा हिशेब आपोआप पूर्ण होईल. नाही गेली, तर तिचे पुण्यात जन्मलेले मूल अमेरिकी नागरिक नसेल.

धाकट्या मुलाचे उत्तर आपण विचारले नव्हते, पण ते ओघाने येतेच. जन्मावेळी आई-वडील दोघेही भारतीय नागरिक आणि जन्म पुण्यातला, म्हणून तो जन्माने अमेरिकी नागरिक नाही. बहीण २१ वर्षांची झाल्यावर आपणासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकेल आणि भावासाठीही, पण भावंडांच्या रांगेत भारतीयांना अतिशय दीर्घ काळ थांबावे लागते. त्या मार्गाने तो पुढे नागरिक झाला, तर ठाणेदारांप्रमाणे संसदेची वाट त्याला मोकळी असेल आणि राष्ट्राध्यक्षपदाची नसेल. भारतात मात्र नेमके उलटे आहे: ओसीआय कार्डधारक असल्याने मुलगी राष्ट्रपती होऊ शकत नाही की खासदारही, आणि मुलगा भारतीय नागरिक राहिला तर दोन्ही होऊ शकतो.